चौकशीला माणूस येऊन गेला

६ जानेवारी, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी अनुपमने जाहीर केलं की तो यंदा परीक्षेचा फॉर्म भरणार नाही. एवढ्यावर थांबला असता तर मी समजून घेतलं असतं. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिली, चारही वेळा थोडक्यात हुकली, माणूस कंटाळतो. पण पुढे म्हणाला, ट्रक चालवायला शिकणार आहे. म्हणे हल्ली कंपन्याच त्यांच्या खर्चाने शिकवतात, अवजड गाडीचं लायसन्स काढून देतात आणि नोकरीलाही ठेवतात.

मी बशी खाली ठेवली. ह्यांनी हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नाही. जन्म पोस्टात गेला, बऱ्यावाईट बातम्या पोचवायची सवय. फक्त विचारलं, "कुठली कंपनी?" म्हणजे 'का' हा प्रश्न नव्हताच, 'कुठली' हा होता. बापलेकांचं आधीच बोलणं झालेलं दिसतं. मला शेवटी सांगायचं, हे आमच्या घरात नवीन नाही.

बत्तीस वर्षं मी कर्जतच्या शाळेत शिकवलं. बाजारात निघाले की निम्मी माणसं "बाई" म्हणून हात जोडतात. आणि माझा बी.कॉम. झालेला मुलगा ट्रकवर. ही वही निवृत्तीच्या वेळी शाळेतल्या मुलींनी दिली होती, दोन वर्षं कोरी पडून होती. आज काढली. कोणाशी बोलणार होते मी हे?

८ जानेवारी, बुधवार

अनुपमने दोन छापील कागद माझ्यापुढे ठेवले, जणू मी त्याच्याच बाजूची आहे. एक साजगावची ट्रान्सपोर्ट कंपनी: लोखंडाचे ट्रेलर, एक महिन्याचं शिक्षण, लगेच पगार, दोन वर्षांचा करार. दुसरी मोहोपाड्याची: रसायनांचे टँकर, चार महिन्यांचं शिक्षण, एक वर्षाचा करार, जागा फक्त बारा. त्याला मोहोपाड्याची हवी आहे. तिथे नीट शिकवतात म्हणाला.

मी काय ऐकून घेणार होते? म्हटलं, अरे, ड्रायव्हर म्हणजे कोण, ज्याला दुसरं काही जमलं नाही तो. दारू, ढाबे आणि घराचं वाटोळं. आणखीही बरंच बोलले. विमलबाई फरशी पुसत होत्या. त्यांच्यादेखत बोलायला नको होतं असं नंतर वाटलं, घरातली गोष्ट बाहेर जाते. पण त्यांचं लक्ष नव्हतं, एकच फरशी दोनदा पुसत होत्या. चहा न घेताच गेल्या, दुसरीकडे काम आहे म्हणाल्या. अकरा वर्षं आमच्याकडे आहेत, चहा कधी सोडला नव्हता. नवरा कुठेतरी खडीच्या कामावर आहे, घरी काही कुरबूर असेल.

११ जानेवारी, शनिवार

आज कोणाला न सांगता साजगावला जाऊन आले. ह्यांना सांगितलं खोपोलीला गणपतीला जाते. आयुष्यभर शाळांच्या तपासण्या बघितल्या, एकदा आपणही करावी. तिथल्या कारकुनाला सांगितलं की भाच्यासाठी चौकशी करते आहे.

भाच्यासाठी म्हटल्यावर माणूस मोकळेपणाने बोलला. एका पत्र्याच्या शेडमध्ये तीस-पस्तीस पोरं बसलेली, पंखा एक. महिनाभरात गाडीवर बसवतात. मी विचारलं, महिन्यात येतं का? म्हणाला, येत नाही त्याला रस्ता शिकवतो. मग लोखंडी कपाट उघडून दाखवलं. त्यात सगळ्यांचे मूळ दाखले, गुणपत्रिका, लायसन्सं, रबरबँड लावून. "दोन वर्षं कुठे पळत नाहीत, मावशी." त्याला ती अभिमानाची गोष्ट वाटत होती. मीही बत्तीस वर्षं मुलांचे दाखले सांभाळले, पण मूल निघालं की हातात द्यायचे म्हणून.

साजगाव नाही. हे मी ठरवून टाकलं. स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला, इकडे कुठे बाई म्हणाला. त्यालाही गणपतीच सांगितला. देवाने आज माझी दोन कामं केली, दर्शनाला मात्र मी गेले नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

मोहोपाड्याला मुलाखत होती. मीही येते म्हटल्यावर अनुपमला आश्चर्य वाटलं. पोशीरचा निलेश, त्याचा मित्र, टेंपो घेऊन आला. मी पदर डोक्यावरून घेतला, म्हटलं वारा लागतो. निलेश बाजूला बसला आणि टेंपो अनुपमने चालवला, हे मला तेव्हा कळलं. वर्षभर चालवतोय म्हणे. भाताची पोती, विटा, मंडपाचं सामान. मला सांगायचा, अभ्यासिकेत जातो. चौक गावाच्या पुढे अरुंद रस्त्यावर समोरून एक गाडी आली, तेव्हा याने टेंपो मागे घेत घेत पार वळणापर्यंत नेला, एका हाताने, आरशात बघत, आणि निलेशशी गप्पा चालूच. त्याला मी कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. निलेशची संगत चांगली आहे, घरात आम्ही दोघं म्हातारी, हसणार कशावर?

तिथला शिक्षणाचा कारभार राजेश नावाचा माणूस बघतो. स्वतः पंधरा वर्षं टँकर चालवलेला, चाळिशीचा, बोलायला मोजका. अंगणात एक जुना टँकर पाण्याने अर्धा भरून ठेवलाय. म्हणाला, ब्रेक लावला तरी आतलं पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं, ते ढकलणं अंगात मुरायला दोन महिने लागतात, म्हणून चार महिन्यांचा वर्ग. मूळ कागद ठेवून घेत नाहीत, बघून परत देतात. शिकवणारा माणूस आहे, हे माझ्या लक्षात आलं.

त्याने अनुपमला विचारलं, का यायचंय इथे. अनुपम म्हणाला, "चार वर्षं एका खुर्चीत बसलोय. आता बसवत नाही." मला त्या उत्तराचं वाईट वाटलं. खुर्चीला आम्ही का त्याला बांधलं होतं?

शेवटी राजेश म्हणाला, धोक्याचा माल असतो, म्हणून निवड करण्याआधी घराच्या आसपास चौकशी करतो, न सांगता येतो, फॉर्ममध्ये लिहिलंय तेच लोक सांगतात का एवढंच बघतो. मी म्हटलं, आमच्या घराबद्दल कर्जतमध्ये कोणालाही विचारा.

२० जानेवारी, सोमवार

हळदीकुंकू छान झालं. तीस-बत्तीस बायका आल्या. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या दिल्या, सगळ्यांना आवडल्या.

अनुपम सध्या काय करतो, हा प्रश्न येणारच होता. दरवर्षी येतो. दरवर्षी मी "परीक्षा देतोय" म्हणते आणि समोरची "हो का" म्हणते, ते "हो का" आता मला ऐकवत नाही. खालच्या मजल्यावरच्या हर्षलाने विचारलं. ती माझीच विद्यार्थिनी, मनात काही नसतं तिच्या. पण सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "मोहोपाड्याला केमिकल कंपनीत लागलाय. ट्रेनी ऑफिसर."

यात खोटं कितीसं? कंपनी खरी, मोहोपाडा खरं, ट्रेनी खरं. एक शब्द तेवढा माझा. आणि तो शब्द पडल्याबरोबर नेरळच्या एक बाई उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांची भाची अंतरा बदलापूरला शिक्षिका आहे. अनुपमची पत्रिका मागितली. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितली.

२३ जानेवारी, गुरुवार

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती सगळ्यांनी मिळून झाकायला हवी. ह्यांना सांगण्यात अर्थ नाही, ते ऐन वेळी खरं बोलून बसतील. विमलबाई मात्र चार घरी जातात. त्यांना आज बसवून सांगितलं की अनुपमबद्दल कोणी विचारलं तर कंपनीत साहेब म्हणून लागलाय म्हणायचं, ट्रकचं काही बोलायचं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी म्हनाल तसं." शहाणी बाई आहे.

अनुपम दिवसातून दहादा फोन बघतो. मोहोपाड्याचं काही आलं का, हे विचारायची सोय नाही, एकदम चिडतो. घरात येरझाऱ्या घालतो, गॅलरीत जातो, परत येतो. मीही बसून राहू शकत नाही. आज तीन वेळा डबे पुसले.

२९ जानेवारी, बुधवार

आज मन फार प्रसन्न आहे.

ह्यांच्या कवळीसाठी दवाखान्यात गेलो होतो, अनुपम निलेशकडे. परत आलो तर हर्षला जिन्यातच थांबलेली. एक माणूस येऊन गेला म्हणाली, मोटारसायकलवर, साधा, नीटनेटका. अनुपमची चौकशी करत होता. स्वभाव कसा, घरचे कसे, सध्या काय करतो. "मी सगळं चांगलंच सांगितलं, बाई. तुम्ही सांगितलंत तेच." खाली किराणावाल्या नामालाही विचारलं त्याने. जिन्यात विमलबाई भेटल्या, त्यांनाही.

मुलीकडचे. दुसरं कोण असणार? पत्रिका देऊन नऊ दिवस झाले. घरी न येता परस्पर शेजारी विचारायचं, हीच चांगल्या घराची रीत. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनीही ह्यांच्याबद्दल आधी पोस्टाबाहेरच्या पानवाल्याला विचारलं होतं.

हे म्हणाले, "नामा सांगत होता, तो माणूस छापील कागदावर लिहून घेत होता." मी म्हटलं, हल्ली लोक पद्धतशीर असतात. ते काही बोलले नाहीत, कवळी नवी आहे म्हणून असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

बदलापूरहून अजून काही नाही. दिवाणखान्याचे पडदे धुतले.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोहोपाड्याचा निरोप आला, फोनवर, चार ओळींचा. "अर्जातील माहिती आणि स्थानिक चौकशी यांत तफावत आढळल्याने आपली निवड करता येत नाही." अनुपमने तो तीनदा वाचला. मग मला विचारलं, "आई, तफावत कसली असेल गं?"

मी म्हटलं, कोणीतरी जळकं असणार. कोणी काहीतरी वेडंवाकडं सांगितलं असेल. मी नावंही काढायला लागले, कोण कोण आमच्यावर डूख धरून आहे ते. तो म्हणाला, राहू दे. साजगावला पुढच्या गुरुवारी भरती आहे, तिथे जातो. मी कपाटाचं सांगितलं, दाखले ठेवून घेतात ते. म्हणाला, "ठेवू देत. घरात ठेवून तरी काय झालं त्यांचं?"

असं बोलणारा मुलगा नाही तो. मला राग आला, त्याचा नाही, त्या मोहोपाड्याच्या लोकांचा. चांगल्या घरातल्या मुलावर असा ठपका? मी शुक्रवारी जाणार आणि जाब विचारणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोप समारंभाची साडी नेसून गेले होते. चौकला एसटी बदलली. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

राजेशने खुर्ची दिली, चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग फायलीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी इथे तो जसाच्या तसा लिहिते, मला तो पाठ झालाय. शेजारीण: केमिकल कंपनीत ट्रेनी ऑफिसर आहे, आईने स्वतः सांगितले. दुकानदार: मोठ्या नोकरीत आहे. घरकामाच्या बाई: कंपनीत साहेब आहे. आणि त्याखाली अनुपमच्या अक्षरात त्याचा फॉर्म. सध्याची नोकरी: नाही.

तारीख बघितली. एकोणतीस जानेवारी.

राजेश म्हणाला, "तिघांनी तीन तऱ्हेचं सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं, बाई. तिघं एकच बोलले." नोकरी लपवून येणारी मुलं असतात, फुकट लायसन्स घेऊन पळतात, म्हणून नियम आहे. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. मी चहा प्यायले.

मी विचारलं, आता काय करता येईल. म्हणाला, तेरा तारखेला, गुरुवारी सकाळी दहाला परत येतो, त्याच तिघांनी खरं काय ते सांगावं, मी लिहून घेईन. जागा मिळेलच असं नाही, यादीत पुढचा आहे. आणि निघताना म्हणाला, "मुलाला आजच सांगा. त्याला वाटत असेल आम्ही अन्याय केला."

मी हो म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं नाही. सकाळी तो नुकताच उठला होता. दुपारी झोपला होता. संध्याकाळी हे घरात होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सांगणारच होते. खोलीत गेले तर तो मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात लावत होता. दहावी, बारावी, पदवी. दहावीच्या गुणपत्रिकेला मी स्वतः कव्हर घातलं होतं, ते अजून तसंच आहे. मला बघून म्हणाला, "तुला वाईट वाटतंय ना? नको वाटून घेऊ. तुझा काय दोष यात?" मी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर आले.

भेकड आहे मी. बत्तीस वर्षं मुलांच्या हातावर पट्ट्या मारल्या खोटं बोललं म्हणून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आधी हर्षलाकडे गेले. तिला सगळं सांगितलं, मान खाली घालून. वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. तिने शिवणयंत्र थांबवलं आणि म्हणाली, "बाई, मला माहीत होतं. नेरळच्या रस्त्याला बघते की मी त्याला निलेशच्या टेंपोवर. पण तुम्ही तीस बायकांत बोललात. मी का तुमचा शब्द खाली पाडू?" आणि तिलाही तो माणूस सोयरिकीचाच वाटला. सोयरिकीच्या चौकशीत कोणी कुणाचं उणं सांगत नाही, जुळत असेल ते जुळू द्यावं म्हणतात.

नामाचंही तेच. त्याला तर अनुपमने स्वतः सांगितलं होतं ट्रकचं. तरी हळदीकुंकवातलं कानावर आलं म्हणून माझ्यासाठी त्याने मोठी नोकरी सांगितली, आणि वर मुलगा निर्व्यसनी आहे हेही घातलं.

म्हणजे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी एवढं झाकलं ते कोणापासून? माझी अब्रू राखायला सगळे माझ्यासारखेच खोटं बोलले, आणि त्याची किंमत अनुपमला पडली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विमलबाई. हे सर्वांत अवघड गेलं.

मी बोलले तोवर त्या भांडी घासत होत्या. मग हात धुतले, पदराला पुसले. म्हणाल्या, "मला ठावं होतं तो फॉर्मवाला हाय. कागद बगितला ना मी त्याच्या हातात. खरं पार ओठावर आलं होतं. पन तुमी सांगितलं होतं साहेब म्हनायचं, म्हनाले."

मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी घासलेली कढई पालथी घातली.

"बाई, माजा घरवाला बावीस वर्सं डंपर चालवतोय. दारूला शिवला नाय कदी. दोन पोरींची लग्नं केली त्या डंपरवर. तुमी त्या दिवशी बोललात, तवा मी हितंच फरशी पुसत होते."

अकरा वर्षं ही बाई माझ्या घरात येते. तिचा नवरा काय करतो हे मी कधी विचारलं नाही. खडीच्या कामावर, एवढं मला पुरेसं वाटलं. मी माफी मागितली. मला रडू आलं, त्यांना नाही आलं. म्हणाल्या, "उद्या येते मी धाला. सांगते खरं. पन तुमी बी तितं उभ्या ऱ्हावा, आत बसू नका."

संध्याकाळी अनुपम म्हणाला, सकाळी सहाला उठव. मी हो म्हटलं. दुसरं काहीच बोलले नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडेसातला गेला. जाताना पाया पडला. तेव्हाही मी बोलले नाही. हे दाराशी उभे होते, माझ्याकडे बघून म्हणाले, "अनसूया, तुला काही सांगायचं राहिलंय का त्याला?" म्हणजे ह्यांनाही कळलं होतं. मला वाटतं एकोणतीस तारखेलाच.

नऊ वाजता फोन लावला.

"बोल आई. रांगेत आहे."

"सही करू नकोस."

"का?"

"मोहोपाड्याचं माझ्यामुळे गेलं. हळदीकुंकवाला मी सांगितलं, तू ऑफिसर म्हणून लागलास. विमलबाईंनाही तसंच बोलायला लावलं. चौकशीच्या माणसाला सगळ्यांनी तेच सांगितलं. कोणी जळकं नव्हतं रे. मीच होते. मला शुक्रवारपासून माहीत आहे."

मागे गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाज येत होता.

"शुक्रवारपासून," तो म्हणाला. आणि फोन बंद झाला.

दहाला राजेश आला. जिन्यातच सगळं झालं. हर्षला, नामा, विमलबाई एकेक करून बोलले आणि मी उभी राहिले. वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली, उघडीच राहिली. शेवटी राजेशने मला विचारलं, खरं काय ते. मी सांगितलं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल. विमलबाई निघताना त्याला म्हणाल्या, "पोरगा सरळ हाय. लबाडी नाय त्याच्यात." कोणात आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

अनुपम दुपारी एक वाजता परत आला. पाकीट टेबलावर ठेवलं. सगळे दाखले होते आत, मी मोजले. जेवणाचं ताट घेऊन तो गॅलरीत गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलत नाही. मीठ हवं असलं तरी ह्यांना मागतो. मी मीठ पुढे सरकवलं तर अळणीच जेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राजेशचा फोन आला, अनुपमला. मला ह्यांच्याकडून कळलं. चौकशीचा कागद दुरुस्त झाला, नावावरचा ठपका गेला. पण या वर्गाची बारावी जागा गुरुवारच्या आधीच दुसऱ्या मुलाला देऊन झाली होती. आता मे महिन्याचा वर्ग, त्यात याचं नाव पहिलं. तोवर अवजड गाडीच्या जवळपास राहिलास तर बरं, असंही म्हणाला.

मी शुक्रवारी रात्री बोलले असते तर दुसऱ्या दिवशीच राजेशला फोन करता आला असता. सहा दिवस मी डबे पुसले.

अनुपम गॅलरीत उभा असतो, रस्त्यावर गाडी वाजली की वाकून बघतो. मे म्हणजे अजून अडीच महिने. मी आत बसून त्याच्या पाठीकडे बघते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विमलबाईंच्या नवऱ्याचा, सदूभाऊंचा, क्लीनर गावी गेला तो परत आला नाही. त्यांनी अनुपमला विचारलं, येतोस का मे महिन्यापर्यंत. तो लगेच हो म्हणाला. मग त्या स्वयंपाकघरात माझ्याकडे आल्या. "क्लीनर म्हनत्यात त्याला, बाई. चाकाला दगूड लावायचा, काच पुसायची, मागं उतरून हात दावायचा. सोमवारपासून."

मी म्हटलं, मला कशाला विचारता, त्याला विचारा.

"त्याला इचारलंय," त्या म्हणाल्या. "तुमाला नुस्तं सांगते."

चहा मात्र घेतला आज. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे उठून भाकऱ्या केल्या. सव्वासहाला डंपर आला. गल्लीत वळत नाही म्हणून कोपऱ्यावर थांबला. अनुपम डबा न घेताच जिना उतरून गेला. विसरला की मुद्दाम, देव जाणे. मी डबा घेऊन घरच्याच साडीवर त्याच्यामागे गेले.

नामा दुकानाची फळी काढत होता. हर्षला दुधाच्या पिशव्या घेऊन परतत होती. आणि समोरून आमचे जुने मुख्याध्यापक, फिरायला निघालेले. थांबले. म्हणाले, "काय बाई, एवढ्या सकाळी? चिरंजीव कुठे निघाले?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. साइटवर. साइटवर जातो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. डंपरचं इंजिन सुरू होतं, काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागणार होतं. मी ओरडून सांगितलं, "डंपरवर. क्लीनर म्हणून लागलाय. सदूभाऊंच्या हाताखाली."

ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुढे गेले. पुढे जाऊन एकदा मागे वळून बघितलं. बघोत.

सदूभाऊंनी वरून मान लववली. पिकल्या केसांचा, सडपातळ माणूस. बावीस वर्षं कर्जतात गाडी चालवतो, मी आज पहिल्यांदा पाहिला. अनुपम पलीकडच्या बाजूला बसला होता, काचेतून माझ्याकडे बघत होता. मी फेरी मारून त्या बाजूला गेले आणि डबा वर धरला. डंपर फार उंच असतो. टाचा उंचावल्या तरी पोचेना. मग तो वाकला, हात खाली आला, डबा घेतला.

"भाजी कसली?" त्याने विचारलं.

अकरा दिवसांनी बोलला.

"वालाची," मी म्हटलं.

गाडी गेली तरी मी तिथेच उभी होते. नामाने विचारलं, बाई, काही हवंय का. मी म्हटलं, अर्धा किलो वाल दे, आज भिजत घातले की परवाच्या डब्याला होतील.